‘ढ’ हा शिक्का पुसलाच पाहिजे

आकडेमोडीत सतत अडखळणारे मूल आळशी असते, हा समज निव्वळ अज्ञानातून आलेला आहे. बुद्धी शाबूत असूनही संख्यांचे आकलन न होणे, ही गणन-अक्षमता होय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला मान्यता दिली असून, अशा अक्षमता वेळीच हेरण्याचे काम शासनमान्य शाळांकडे सोपविले आहे.

२०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’साठी ‘साठ तीन’ असेही वाचन सुचविले, तेव्हा त्याची थट्टाच अधिक झाली. मराठी संख्यानामांत एकक आधी व दशक नंतर येतो. ज्याला संख्याच उमगत नाही, त्याला हा उलटा क्रम अधिकच जाचणार, याचा विचार थोड्यांनीच केला.

मुरूड-श्रीवर्धनच्या कोळीवाड्यांत तज्ज्ञांची फी परवडणारी घरे किती? तपासणीपायी आईची मासळीबाजारातील दिवसाची कमाई बुडणार असेल, तर कायद्याचा हक्क ही सुखवस्तूंची सवलतच ठरेल. म्हणून तपासणी तालुक्यातच आणि विनामूल्य झाली पाहिजे. वर्गात मणी, काड्या, नाणी हाताळायला मिळाली पाहिजेत, परीक्षेत जादा वेळ मिळाला पाहिजे.

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. कार्यकर्त्यांनी त्यांना संघटित करून ही मागणी लावून धरावी.