रणदेव आणि त्याचे वीर

इतिहासाच्या तासास मेक्सिकोच्या आस्तेक लोकांची हकीकत निघाली म्हणजे वर्गांत दोन प्रकारचे उद्गार कानीं पडतात. "केवढे शूर हे!" असें एक विद्यार्थी म्हणतो, "केवढे क्रूर हे!" असें दुसरा. आमच्या मतें दोघेही अर्ध्या वाटेवरच थांबतात. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

आस्तेकांची राजधानी तेनोच्तित्लान ही सरोवरांतील बेटावर वसली होती. नगराच्या मध्यभागीं उंच देवालय असून त्याच्या माथ्यावर दोन गाभारे होते. एक पर्जन्यदेव त्लालोक याचा व दुसरा रणदेव हुइत्झिलोपोच्त्ली याचा. सूर्य अंधाराशीं नित्य झुंजतो, व त्यास मनुष्याचें रक्त अर्पण न केल्यास जगाचा नाश होईल, अशी त्या लोकांची समजूत होती. त्यामुळें बळीसाठीं शत्रूस जिवंत धरून आणणें हें त्यांस परम कर्तव्य वाटे.

त्यांचें शिक्षणही तसेंच होतें. मुलगा पहिला बंदिवान धरून आणी तोंपर्यंत त्याच्या मानेवरील केसांची बट कापीत नसत. ज्वालामुखीच्या काळ्या कांचेचीं पातीं बसविलेलें लांकडी शस्त्र तो चालवी. पुढें पराक्रम गाजविल्यास त्यास गरुडवीर किंवा जग्वारवीर ही पदवी मिळे, आणि सामान्य कुळांतील तरुणही मानास चढे. ही शिस्त, हें धैर्य आम्ही नाकारीत नाहीं. परंतु शौर्य हें धारेच्या शस्त्रासारखें आहे; तें कोणाच्या कामीं लागलें हें पाहिल्यावांचून त्याची स्तुति करणें योग्य नव्हे. मेक्सिको शहरांत 2015 सालीं सुरू झालेल्या उत्खननांत कवट्यांचा गोल मनोरा सांपडला. त्यांत केवळ योद्ध्यांच्या नव्हे, तर स्त्रियांच्या व मुलांच्याही कवट्या निघाल्या!

या पूजेचें फळ काय झालें? त्लाश्कालासारख्या शेजारी राज्यांशीं बंदिवानांसाठीं जीं युद्धें होत, त्यांस 'पुष्पयुद्धें' असें गोड नांव होतें. पण त्यांतून वैर मात्र पिकलें. 1519 सालीं स्पेनचा कोर्तेस मूठभर शिपाई घेऊन आला, तेव्हां तेच त्लाश्काला प्रथम त्याच्याशीं लढून मग त्यास जाऊन मिळालें. 1520 सालीं देवीच्या सांथीनें नगर पोखरलें, आणि 13 ऑगस्ट 1521 रोजीं तें पडलें. ज्या रणदेवासाठीं शेजाऱ्यांस दुखविलें, तो रणदेव संकटसमयीं धांवला नाहीं.

येथें आमच्या ख्रिस्ती वाचकांनीं समाधानाचा सुस्कारा टाकूं नये. स्पॅनिश शिपायांच्या निशाणावर क्रूस होता, आणि लढतांना ते संत याकोबाच्या नांवाची आरोळी देत. तरी 1520 च्या मे महिन्यांत, देवालयाच्या आवारांत उत्सवानिमित्त नाचणाऱ्या निःशस्त्र लोकांची त्यांनीं दारें अडवून कत्तल केली. शांतीच्या प्रभूच्या शिष्यासही त्यांनीं रणदेव केलें होतें. मनुष्य आपल्या रागास व लोभास देवाचें नांव देतो, तेव्हां मूर्ति कोणतीही असो, गाभाऱ्यांत बसतो तो हुइत्झिलोपोच्त्लीच.

तथापि त्याच काळांत साहागून नांवाच्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूनें निराळा मार्ग धरिला. 1536 सालीं उघडलेल्या त्लातेलोल्कोच्या विद्यालयांत शिकलेल्या देशी विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन त्यानें वृद्धांस प्रश्न विचारिले, व त्यांच्याच नाहुआत्ल भाषेंत त्यांचे देव, सण, युद्धें व औषधी यांचा वृत्तान्त बारा भागांत लिहविला. त्यांचा धर्म त्यास मान्य नव्हता. तरी त्यांचें बोलणें त्यानें ऐकून घेतलें. आज आस्तेकांविषयीं आपणांस जें ठाऊक आहे, त्यांतील पुष्कळ भाग त्या विद्यार्थ्यांच्या लेखणीचा आहे.

तेव्हां, विद्यार्थीहो, परक्या लोकांचा न्याय करण्यापूर्वीं त्यांचें म्हणणें ऐका, आणि पालकांसही आमची विनंती आहे कीं, घरीं वीरांच्या गोष्टी सांगतांना "तो कोणासाठीं लढला?" हा एक प्रश्न मुलांस अवश्य विचारावा.