आठवत नाही, म्हणून ऐकायचं नाही?

गेल्या वर्षी आपल्या एका बैठकीत पुढच्या अंकांचे विषय निघत होते. मी म्हटलं, स्मृतिभ्रंश झालेल्या बायकांबद्दल लिहू या. एक ज्येष्ठ मैत्रीण लगेच म्हणाली, "अगं, तो डॉक्टरांचा विषय. आपल्या अंकात कशाला?" कुणी विरोध केला नाही. चहा आला, विषय बारगळला. मी तेव्हा गप्प बसले याचा मला अजून राग आहे, म्हणून हा लेख.

विषय डॉक्टरांचा आहे खरा, पण किती? हा आजार औषधाने बरा होत नाही. डॉक्टरांची भेट दोन-तीन महिन्यांतून एकदा. बाकीचे सगळे दिवस घरात जातात, आणि घरात म्हणजे कुणाच्या अंगावर, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. तरी आकडे देते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीच्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसांना, डिमेन्शिया आहे. पुरुषांपेक्षा बायकांत प्रमाण जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. लहानपणी शाळा कमी मिळणं हे धोका वाढवणारं एक कारण म्हणून लॅन्सेटच्या आयोगाने नोंदवलं आहे. चौथीतून काढून धाकट्या भावंडांना सांभाळायला बसवलेल्या मुलीचा हिशेब सत्तर वर्षांनी असा पुढे येतो. आणि सांभाळतं कोण? २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के बायका घरातल्या कुणाची तरी काळजी घेताना दिसल्या, पुरुष २१.४ टक्के. त्यातही त्यांची रोजची १४० मिनिटं, यांची ७४. मग हा विषय आपला नाही तर कुणाचा?

पण माझं भांडण निव्वळ कष्टांच्या वाटणीचं नाही. ते आपण तीस-चाळीस वर्षं मांडत आलो आहोत. माझं भांडण बोलण्याचं आहे, म्हणजे कुणाचं बोलणं बोलणं मानायचं आणि कुणाची बडबड, याचं.

पुण्यात मी स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या घरी जाऊन कुटुंबांना मदत करण्याचं काम करते. एका घरी सुनेने बोलावलं होतं. म्हणाली, "ताई, आईंना सांभाळायला ब्यूरोची बाई टिकत नाही. दिवसभर बाळ, बाळ करतात. कुणीतरी सांगितलं म्हणून बाहुली आणून दिली तर ती माझ्या अंगावर फेकली." मीही बाहुलीचा उपयोग ऐकून-वाचून होते. काही आजींना खरोखर बाहुली जवळ घेऊन शांत वाटतं. मी सल्ला दिला, मोठी आणा, कापडाची आणा. माझी एम.एस.डब्ल्यू.ची पदवी त्या दिवशी एवढ्याच कामाला आली.

आजींचं माहेर धारवाडकडचं. लग्न होऊन आल्यावर सासूने घरात कानडी बंद केलं. पंचावन्न वर्षं त्या मराठी बोलल्या, इतकं की नातवंडांना त्यांचं माहेर कानडी हे ठाऊकच नव्हतं. एक दिवस भांडी घासायला येणारी विजापूरकडची बाई पदराला हात पुसत म्हणाली, "वहिनी, त्या बाळ नाही म्हणत. बळे म्हणत्यात. नन्न बळे एल्लि. माझ्या बांगड्या कुठं?" दोन महिने ती बाई हे ऐकत होती. तिला कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

बांगड्या सोन्याच्या होत्या, आईने दिलेल्या. त्या मुलाने गहाण टाकल्या होत्या. तो म्हणतो, आईनेच काढून दिल्या. असेलही. पण आजी विचारत होत्या तो भ्रम नव्हता, प्रश्न होता, आणि सरळ व्याकरणशुद्ध प्रश्न होता. आम्ही उत्तर म्हणून हातात प्लास्टिकचं बाळ दिलं.

दोन भाषा बोलणाऱ्यांचा आजार वाढत जातो तशी बऱ्याच जणांत नंतर शिकलेली भाषा मागे पडते आणि लहानपणची वर येते, हे अभ्यासकांनी नोंदवलेलं आहे. सगळ्यांचं तसं होत नाही, पण निदान विचारून तर बघावं. आपल्याकडे लाखो बायकांची माहेरची बोली सासरच्या उंबऱ्याबाहेर ठेवली गेली, कानडी, कोकणी, अहिराणी, गोरमाटी. हैदराबादला डॉ. सुवर्णा अलादी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली होती, आणि हा फरक निरक्षरांतही होता. म्हणजे ज्या दुसऱ्या भाषेला घरात लाज म्हणून दाबलं, तीच कदाचित बाईला राखत होती. सासवांना हे कुणी सांगायचं?

आता परीक्षेचं बघा. निदानासाठी जगभर चालणारी प्रश्नावली १९७५ ची, अमेरिकेतली. आज तारीख काय, शब्द उलटा म्हणून दाखवा, एक वाक्य लिहा, ही आकृती काढा. जिला पाटी-पेन्सिल कधी मिळाली नाही तिला पंचकोन काढायला लावायचा आणि गुण कापायचे! हरियाणातल्या बल्लभगडला काम करणाऱ्या संशोधकांनी निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी प्रश्न बदलून हिंदी चाचणी तयार केली, ती १९९५ मध्ये प्रसिद्धही झाली. तरी अजून मी तपासणीच्या खोल्यांत अंगठेबहाद्दर म्हातारीला तारीख विचारताना ऐकते. तिला तिथी विचारा, पेरणी झाली का विचारा.

आणि दवाखान्यातून ही परीक्षा घरी येते. "आजी, मी कोण सांगा? आज वार कुठला? सकाळी काय खाल्लं?" येणारा-जाणारा प्रत्येक पाहुणा परीक्षक. हायडी हॅमिल्टन या भाषा-अभ्यासक बाईंनी अल्झायमर झालेल्या एका वृद्धेशी साडेचार वर्षं गप्पा मारल्या आणि त्यावर १९९४ मध्ये पुस्तक लिहिलं. बोलणाऱ्या दोघींपैकी एक आजारी असली तरी संवाद दोघींचा असतो, आपण कसं विचारतो त्यावर तिला काय जमतं हे ठरतं, हे त्यातून मी शिकले. टॉम किटवूडने १९९७ च्या पुस्तकात याहून कडक मांडलं. मेंदू झिजतो हे खरंच, पण तिच्यादेखत तिच्याबद्दल तिसऱ्याशी बोलणं, लहान मुलासारखं वागवणं, फसवणं, घाई करणं यानेही माणूस खचत जातं. हे सगळं दुष्टपणाने होत नाही, हेही त्याने म्हटलं आहे. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये क्रिस्टीन विल्यम्स यांनी वृद्धाश्रमांत चित्रण करून पाहिलं, तर शुश्रूषा करणारी बाळबोलीत, "चला, आपण आता गुडगुड पाणी पिऊ या" छापाचं बोलली की वृद्धांचा विरोध वाढत होता. आपण मात्र विरोध केला की म्हणतो, आजार वाढला.

हे वाचून सुनांनी अजून एक शिकवणी लावून घ्यावी, असं मला मुळीच म्हणायचं नाही. हल्ली तेच चाललं आहे. शिबिरं होतात, "प्रेमाने बोला, संयम ठेवा, नजरेला नजर द्या." समोर बसलेल्या बहुतेक सगळ्या बायका. रात्री चार वेळा उठलेल्या बाईला संयमाचं व्याख्यान! ज्यांच्या आया आहेत ते मुलगे कुठे आहेत? बँकेची कामं बघतात, म्हणतात.

बँकेच्या कामांवरून आठवलं. एका तालुक्याच्या गावी मी अशी आजी पाहिली आहे, जिच्या "मला मारतात" या बोलण्याला घरच्यांनी, पोलिसपाटलांनी आणि शेजारणींनीही "तिचं काही खरं नाही" म्हणून उडवून लावलं. त्याच आजीचा अंगठा त्याच महिन्यात हक्कसोडपत्रावर घेतला होता. तक्रारीपुरती भ्रमिष्ट, अंगठ्यापुरती शहाणी! कायदा नेमका उलट सांगतो. १८७२ च्या करार कायद्याचं १२ वं कलम म्हणतं की करार करताना माणसाला तो समजला पाहिजे आणि आपल्या हिताहिताचा विचार करता आला पाहिजे. आणि साक्षीबद्दल, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १२४ व्या कलमानुसार प्रश्न समजून सुसंगत उत्तर देता येत असेल तर आजारी मनाचं माणूसही साक्ष द्यायला पात्र आहे. म्हणजे अंगठा घेताना शंका घ्यायची आणि तक्रार ऐकताना कान द्यायचे.

इथे आपल्या चळवळीची अडचण आहे आणि ती मी टाळणार नाही. बाईचं म्हणणं खरं धरून सुरुवात करायची, हे आपण शिकलो. पण स्मृतिभ्रंशात खोटे आरोपही येतात. सून विष घालते, कामवालीने चोरी केली. तिथे विश्वास कुणावर ठेवायचा? त्या घरातली सून माझ्यापाशी रडली होती, कारण नातेवाइकांत तिनेच दागिने गिळल्याचं झालं होतं. मी म्हणते, तडकाफडकी खरं किंवा खोटं असा शिक्का मारूच नका. तपासा. तिची भाषा येणारी बाई शोधा. तिला एकटीला, सकाळच्या वेळी, घाई न करता विचारा. अंगावरचे वळ बघा. कपाट उघडा. आपल्या सल्ला केंद्रांत हुंडा, मारहाण, पोटगी यांचे अर्ज आहेत. "विसरते" एवढ्याच कारणाने परत पाठवलेल्या म्हाताऱ्यांची नोंद कुठल्या वहीत आहे? पुढच्या बैठकीत मी ही वही मागणार आहे, आणि या वेळी चहा येईपर्यंत थांबणार नाही.

त्या घरातल्या बांगड्या अजून सुटलेल्या नाहीत. आजींना आता कानडी बोलायला रोज अर्धा तास ती भांडीवाली बसते, सून तिला त्याचे वेगळे पैसे देते. पण मी जाण्याआधी, चोरीच्या संशयावरून, ब्यूरोच्या एका बाईला काढून टाकलं होतं. तिला कुणी परत बोलावलं नाही, ब्यूरोनेही दुसरं काम दिलं नाही. मी तिच्या घरी दोनदा गेले. दुसऱ्यांदा तिने दार उघडलं नाही.