खेळ आणि खेळणीं : दोन रूपांचा ऑप्टिमस

खेळण्याचें परीक्षण करतांना या सदरांत आम्ही नेहमी दोन गोष्टी पाहतों. एक, तें हाताला कांहीं शिकवितें काय. आणि दुसरी, तें घरांत आल्यानें माणसें एकमेकांच्या जवळ येतात कीं दूर जातात. या वेळीं आमच्यापुढें आलेलें खेळणें मात्र लहानांसाठीं केलेलें नाहीं. वयाची १५ वर्षें पुरीं झालेल्यांसाठींच तें आहे, अशी त्याच्या कर्त्यांचीच सूचना असते. आणि विकत घेणारे पुष्कळदां चाळिशी ओलांडलेले गृहस्थ असतात. जपानच्या टाकारा टोमी कंपनीनें २०११ सालीं आपल्या 'मास्टरपीस' मालेंत काढलेला एम्‌पी-१० हा तो रूप पालटणारा यंत्रमानव होय. जपानांत त्याला कॉन्व्हॉय म्हणतात, इतरत्र ऑप्टिमस प्राइम. न्यू जर्सींत वाढलेला आमचा एक पुतण्या सुटींत आला असतां तो बरोबर घेऊन आला होता. त्याच्याकडून मागून घेऊन आम्हीं तो चार दिवस हाताळला.

प्रथम त्याची वंशावळ सांगितली पाहिजे. १९८० सालीं टाकारा कंपनीनें जपानांत 'डायाक्लोन' नांवाचीं खेळणीं काढलीं. पुढें त्याच मालेंत मोटारीचा यंत्रमानव करतां येईल अशी योजना आली आणि १९८३ मध्यें 'बॅटल कॉन्व्हॉय' ही मालमोटार निघाली. त्या मूळ कल्पनेंत यंत्रमानव हें केवळ वाहन होतें. तें चालविणारा चिमुकला सारथि निराळा असे. १९८४ सालीं अमेरिकेंतील हॅस्ब्रो कंपनीनें हीं खेळणीं 'ट्रान्सफॉर्मर्स' या नांवानें आपल्या देशांत आणलीं, तेव्हां सारथि नाहींसा झाला आणि यंत्रच सजीव झालें. मार्व्हल या चित्रकथा छापणाऱ्या संस्थेच्या लेखकांनीं प्रत्येकास नांव, स्वभाव व पक्ष दिला. ऑप्टिमस प्राइम हें नामकरण डेनिस ओनील यांचें. संस्कृतज्ञांस या नांवांत एक मौज दिसेल. लॅटिन 'ऑप्टिमस' म्हणजे सर्वोत्तम, आणि त्यांतील 'तिमस' हा प्रत्यय आपल्या 'तम' प्रत्ययाचा सख्खा भाऊ आहे. 'प्राइम' आणि 'प्रथम' यांचें नातेंही तसेंच जवळचें. शरीर जपाननें दिलें. नांव आणि स्वभाव अमेरिकेनें दिला.

चित्रमालिकेंत पीटर कलन या नटानें ऑप्टिमसला आवाज दिला. सैन्यांत अधिकारी राहिलेल्या आपल्या बंधूंच्या सल्ल्यानें त्यांनीं तो आवाज आरडाओरड करणाऱ्या वीराचा न ठेवतां धीरगंभीर व सौम्य ठेवला. मुलांना हा नायक घरांतील वडीलधाऱ्या माणसासारखा वाटूं लागला; आणि नेमक्या त्यालाच १९८६ सालच्या चित्रपटांत मारण्यांत आलें! कारण कथेंतलें नव्हतें, दुकानांतलें होतें : जुनीं खेळणीं मागें सारून नवा माल पुढें आणावयाचा होता. चित्रपटगृहांत मुलें रडूं लागलीं, पालकांच्या तक्रारी आल्या, आणि १९८७ सालीं त्याला चित्रमालिकेंत पुनः जिवंत करावें लागलें. व्यापाऱ्यांनीं जो माल म्हणून मोजला होता, त्याला मुलांनीं आप्त मानलें होतें. आमचा पुतण्या तेव्हां सात वर्षांचा होता. रडणाऱ्यांत तोही एक. हें ठाऊक नसेल, तर मिळवता प्रौढ पुरुष एका खेळण्यावर एवढे पैसे कां घालतो, याचा उलगडा होत नाहीं.

आतां प्रत्यक्ष वस्तूकडे वळूं. उंची सुमारें २५ सेंटिमीटर, म्हणजे वितीहून थोडी अधिक. रचनाकार हासुई शोगो. यंत्रमानव उभा असतां छातीवर ज्या दोन खिडक्या दिसतात, त्याच मालमोटारीच्या समोरच्या कांचा होतात. पाय जुळले कीं मोटारीचा मागील सांगाडा तयार. डोकें धडांत लपतें, मुठी हाताच्या पोकळींत वळतात. १९८४ च्या खेळण्यांत मुठी सुट्या असत व बाहेरून बसवाव्या लागत. अर्थात् त्या हरवतही लौकर. व्याकरण शिकविण्यांत आमचें आयुष्य गेल्यामुळें येथें संधीचीच उपमा सुचते. संधि केला असतां शब्द एकजीव दिसावा, आणि सोडविला असतां दोन्ही पदें जशींच्या तशीं हातीं यावींत. जुन्या खेळण्याच्या मुठी या कसोटीस उतरत नव्हत्या. एम्‌पी-१० च्या उतरतात. छातीचें दार उघडलें कीं आंत 'मॅट्रिक्स' दिसतो. कथेंत नेत्याकडून नेत्याकडे जाणारा हा ज्ञानाचा ठेवा. खेळण्यांतला तो बाहेर काढतां येतो.

एक भाग मात्र संधींत येत नाहीं, तो म्हणजे मोटारीमागें जोडावयाचा मोठा डबा. चित्रमालिकेंत यंत्रमानव उभा राहतांच हा डबा कोठें गडप होतो, याचें उत्तर कोणीच देत नाहीं, आणि रसिक त्यावर आजवर हंसत आले आहेत. खेळण्यांत तो गडप होणार कसा? म्हणून त्याला स्वतंत्र काम दिलें आहे : तो उघडून यंत्रमानवाचा तळ होतो, आणि 'रोलर' नांवाची सहा चाकांची लहान गाडी त्यांतच राहते. उणीव झांकण्यापेक्षां तिला कामाला लावणें हें आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतें. कपाटांत जागा मात्र डब्यासकट मोजून ठेवावी.

२०१९ सालीं याच नायकाची पुढची आवृत्ति, एम्‌पी-४४, निघाली. चित्रमालिकेंतील रूपाशीं ती अधिक जुळते. परंतु किंमत पन्नास हजार येनच्या घरांत गेली आणि रूप पालटण्याच्या पायऱ्याही वाढल्या. केवळ पाहण्यासाठीं घेणाऱ्यानें ती घ्यावी. हातांत घेऊन पुनः पुनः फिरविण्यासाठीं आम्ही एम्‌पी-१० च सुचवूं. चार दिवसांत पायऱ्यांचा क्रम आमच्या म्हाताऱ्या बोटांनाही पाठ झाला. खेळण्याच्या रचनेची याहून मोठी परीक्षा आम्हांस ठाऊक नाहीं.

घेणाऱ्यांस दोन सूचना. या खेळण्याच्या नकला बाजारांत फार आहेत, तेव्हां ओळखीच्या दुकानदाराकडूनच घ्यावें. दुसरें, पेटी न फोडतां ठेवली तर पुढें किंमत वाढेल, या आशेनें घेऊं नये. एम्‌पी-१० पुनः पुनः निघालेला आहे, निरनिराळ्या रंगांतही निघाला आहे. दुर्मिळपणावर बांधलेला हिशेब अशा वेळीं कोसळतो.

आतां आमचा दुसरा प्रश्न. पुतण्याच्या घरीं हा ऑप्टिमस कांचेच्या कपाटांत असतो व कपाटाला कुलूप असतें. त्याचा आठ वर्षांचा मुलगा कांचेला नाक लावून पाहतो. हात लावावयाची त्याला बंदी आहे. बापाचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं : भाग नाजूक आहेत, वयाची मर्यादा छापलेली आहे, पैसे कष्टाचे आहेत. परंतु सातव्या वर्षीं ज्याच्यासाठीं आपण रडलों, तो आपल्या मुलाला केवळ कुलुपाआडची मूर्ति म्हणून ठाऊक व्हावा, हें आम्हांस पटलें नाहीं, आणि तसें आम्हीं त्याला सांगितलें. मुलाच्या हातीं तो एकट्याच्यानें देऊं नये हें खरें. पण रविवारीं बापानें कपाट उघडावें, मुलाला शेजारीं बसवावें, आणि प्रत्येक पायरी आधीं त्याला ओळखूं द्यावी : आतां डोकें, आतां मुठी, आतां पाय. शेवटचा सांधा त्यानें मिटावा. मुलाच्या रोजच्या खेळासाठीं याच नायकाचीं सोपीं, स्वस्त खेळणीं मिळतात. तीं वेगळीं आणून द्यावींत.

या अटीवर आमचें मत अनुकूल आहे. ज्यांच्या घरीं असा संग्रह असेल त्यांनीं कपाटाची किल्ली महिन्यांतून किती वेळां फिरते तें आम्हांस अवश्य कळवावें. पुढील अंकीं लांकडी ठोकळ्यांविषयीं लिहूं.