भाईजानचा थर्मास



या वेळचा विषय घरातल्या मोठ्यांसाठी आहे. मासिक मुलांच्या हाती पडण्याआधी हे पान आपण वाचून घ्यावे आणि मग नवरा-बायकोने एकदा एकत्र वाचावे. वर्गात तीस मुलांसमोर बोलायची मला सवय आहे, तरी हे लिहिताना चार वेळा पेन खाली ठेवला. शेवटी लिहायचे ठरवले, कारण ज्यांच्यावर हा प्रसंग गुजरला त्यांनीच सांगितले, "मास्तर, नाव घालू नकोस, पण लिही. दुसऱ्या कुणावर ती रात्र येऊ नये."

ते माझे खालाजाद भाऊ. आम्ही सगळे त्यांना भाईजान म्हणतो. वय अठ्ठावन्न. चौदा वर्षांपासून साखरेचा आजार, पाच वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी. साखर बरीच वर्षे वाढलेली राहिली की बारीक रक्तवाहिन्या आणि नसा दोन्ही खराब होतात. डोळे, किडनी आणि पाय यांची काळजी करायला आपल्याला सगळेच सांगतात. त्याच कारणाने पुरुषाला ताठरता येणे कमी होते किंवा बंद होते, हे मात्र कुणी सांगत नाही. पुष्कळदा हृदयाच्या आजाराची ही पहिली खूण असते. म्हणून ज्यांना हा त्रास नव्याने सुरू झाला आहे त्यांनी निदान साखर, रक्तदाब आणि हृदय तपासून घ्यावे.

या त्रासावरच्या गोळ्या १९९८ पासून जगभर मिळू लागल्या. पण भाईजानना त्या चालत नव्हत्या. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची गोळी त्यांच्या खिशात असते. ती नायट्रेट जातीची. या दोन गोळ्या एकत्र पोटात गेल्या तर रक्तदाब इतका खाली येतो की जीव जाऊ शकतो. मेडिकलमधून परस्पर गोळी आणून खाणाऱ्यांनी एवढे एक वाक्य तरी लक्षात ठेवावे.

हृदयाच्या डॉक्टरांची परवानगी घेऊन मूत्रविकारतज्ज्ञांनी त्यांना इंजेक्शनचा उपाय दिला. हा उपाय नवा नाही. १९८२ मध्ये रोनाल्ड विराग या फ्रेंच सर्जनने पापावेरीन हे औषध थेट इंद्रियात टोचले तर ताठरता येते हे प्रसिद्ध केले. पुढे अल्प्रोस्टॅडिल आले. हेच औषध हृदयात जन्मजात दोष असलेल्या काही नवजात बाळांना जीव वाचवण्यासाठी दिले जाते. तेव्हा त्यात घाणेरडे किंवा लाजिरवाणे असे काही नाही. पहिला डोस डॉक्टर स्वतःच्या समोर देतात, मात्रा ठरवतात आणि टोचायचे कसे ते शिकवतात. सुई इन्सुलिनच्या सुईसारखी बारीक असते. पाच ते वीस मिनिटांत परिणाम होतो आणि साधारण तासाभरात ओसरावा अशी मात्रा ठरवतात.

घरी सगळे ठीक चालले होते. अडचण आली सफरीची.

भाईजानच्या औषधाच्या लेबलवर २ ते ८ अंश तापमानात ठेवा असे लिहिलेले. म्हणजे फ्रीज हवा. दुसऱ्याच्या घरी फ्रीजमध्ये काय म्हणून ठेवायचे? सुई कुठे टाकायची? कुणी पाहिले तर? या विचाराने त्यांनी बाहेर मुक्कामाला जाणेच बंद केले. लग्नाला जायचे ते सकाळी जाऊन रात्री परत. मुलीने पुण्याला आठ दिवस राहायला बोलावले, तर "काम आहे" म्हणून भाभीला एकटीला पाठवले. दोन वर्षे असे गेले. पुढे भाभी माझ्या बायकोपाशी रडल्या. त्या म्हणाल्या, "मला वाटायला लागलं होतं, माझ्यासोबत चार दिवस राहायचाच यांना कंटाळा आलाय." एक माणूस बाटली लपवत होता आणि दुसऱ्याला वाटत होते की आपल्यावरची मायाच आटली.

गेल्या वर्षी मे महिन्यात मुलीने हट्टच धरला. दोघे एसटीने पुण्याला निघाले. भाईजाननी औषधाची बाटली रुमालात गुंडाळून बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात ठेवली. सहा तासांचा प्रवास, वर पत्रा तापलेला. मुलीच्या घरी फ्रीज होता, पण बाटली बॅगेतच राहिली. दुसऱ्या रात्री अकराला त्यांनी इंजेक्शन घेतले. नेहमीसारखा गुण आला नाही. अर्ध्या तासाने त्यांनी दुसरे घेतले.

चूक इथे झाली. उन्हात औषधाचा जोर कमी झाला असेल, पण संपला नव्हता. दोन्ही मिळून मात्रा जास्त झाली. रात्री दोन वाजले तरी ताठरता उतरेना. आता वेदना सुरू झाल्या होत्या. भाईजान न्हाणीघरात जाऊन बसले. घरात जावई, जावयाची आई. कुणाला उठवायचे आणि काय सांगायचे? साडेतीन वाजता भाभींनी दार वाजवले, आत काय चालले आहे ते ओळखले आणि सरळ जावयाच्या खोलीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. एवढेच म्हणाल्या, "बेटा, अब्बांना दवाखान्यात न्यायचंय. काय झालंय ते विचारू नकोस." जावयाने विचारले नाही. शर्ट घातला, गाडी काढली.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी कुठलाही चेहरा केला नाही. रक्तदाबावर लक्ष ठेवून सुईने साचलेले रक्त काढले आणि ताठरता उतरवणारे औषध टोचले. फजरची अजान होत होती तेव्हा भाईजानना आराम पडला. डॉक्टर म्हणाले, "चाचा, वेळेत आलात. सकाळपर्यंत थांबला असतात, तर आतला भाग कायमचा निकामी झाला असता." साचलेल्या रक्तातला प्राणवायू संपत जातो आणि स्नायू मरू लागतात. म्हणून चार तासांची मर्यादा सांगतात. चार तास उलटले की घरगुती उपाय नाही, वाट पाहणे नाही. सरळ दवाखाना.

घरी आल्यावर भाईजाननी मला बोलावून सगळे सांगितले. मग आम्ही दोघे त्यांच्या डॉक्टरांकडे गेलो आणि वहीत एकेक गोष्ट लिहून घेतली. तीच आता आपल्यासमोर ठेवतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही यातले बरेचसे उपयोगी पडेल.

थंडाव्याचे. आधी लेबल वाचा. काही औषधे पावडरच्या रूपात येतात, ऐन वेळी मिसळायची असतात आणि त्यातली काही खोलीच्या तापमानालाही टिकतात. ज्यांना वारंवार प्रवास करावा लागतो त्यांनी डॉक्टरांना तसे औषध मिळेल का ते विचारावे. दोन-तीन औषधे एकत्र करून दिलेले मिश्रण असेल तर ते थंडच लागते. त्यासाठी रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास घ्या. तळाशी बर्फाची पिशवी, तिच्यावर जाड कापडाची घडी आणि वर छोट्या डबीत बाटली. बर्फ बाटलीला टेकू देऊ नका. गोठलेले औषध वितळवून वापरायचे नसते, टाकून द्यायचे असते. बाजारात पाण्यात भिजवून मडक्यासारखी गार राहणारी थैली मिळते. ती इन्सुलिनला चालते, कारण वापरात काढलेले इन्सुलिन साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला टिकते. पण २ ते ८ अंशांची थंडी ती थैली देऊ शकत नाही. उभ्या गाडीच्या डिकीत किंवा काचेजवळ तर कुठलेच औषध ठेवू नका.

पाहुण्यांच्या घरी. अपारदर्शक डबीवर आपले नाव आणि "औषध" एवढे लिहा. बर्फाच्या कप्प्यापासून दूर, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा वरच्या फळीवर ठेवा. भाईजाननी विचारले होते, "साखरेचं औषध म्हणून सांगू का?" मी म्हटले, भाईजान, खोटे बोलायची गरजच काय? "औषध आहे, थंड ठेवायचं आहे" हे पूर्ण खरे आहे आणि पुरेसे आहे. भल्या घरात याच्यापुढे कुणी विचारत नाही.

विमानाचे. औषध नेहमी हातातल्या बॅगेत. खाली सामानात ते गोठू शकते किंवा बॅगच दुसऱ्या गावी जाऊ शकते. मूळ खोका, सुया आणि डॉक्टरांची इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी एकत्र ठेवा. चिठ्ठीत कंपनीच्या नावासोबत मूळ औषधाचे नाव आणि मात्रा असावी. तपासणीला आपणहून सांगा की औषध आणि सुया आहेत. आखाती देशांत किंवा इतरत्र जायचे असेल, तर तिथले औषधांचे नियम आधी पाहून घ्या आणि लागेल तेवढेच न्या. उमरा किंवा हजला जोडीने जाणाऱ्यांना ठाऊकच आहे की एहरामच्या हालतीत पती-पत्नीचा संबंध मना आहे. तेव्हा हा प्रश्न त्यानंतरच्या दिवसांचा.

सुईचे. प्रत्येक वेळी नवी सुई. हात साबणाने धुवा, पुरेसा उजेड असू द्या, जागा स्पिरिटने पुसा. बाजू आलटून-पालटून घ्या. नंतर पाच मिनिटे बोटाने दाबून धरा. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर आणखी थोडा वेळ. वापरलेली सुई पाहुण्यांच्या कचऱ्यात टाकू नका. ती उद्या कचरा उचलणाऱ्या बाईच्या बोटात जाते. २०१६ च्या घनकचरा नियमांत घरात वापरलेल्या सुया आणि सिरिंज घातक घरगुती कचऱ्यात धरल्या होत्या. जाड प्लास्टिकची, घट्ट झाकणाची रिकामी बाटली सोबत ठेवा, सुया तिच्यात टाका, घरी परत आणा आणि आपल्या दवाखान्यात विचारून त्यांच्याकडे द्या.

मात्रेचे. गुण आला नाही तरी त्या दिवशी दुसरे इंजेक्शन नाही. चोवीस तासांत एकदाच, आठवड्यात तीनपेक्षा जास्त नाही. औषध उन्हात तापल्याची शंका आली तर ते टाका आणि घरी परतेपर्यंत थांबा. चार दिवस थांबल्याने संसार मोडत नाही. सिकल सेलचा आजार असलेल्यांनी हे औषध घ्यायचे नसते. विदर्भात हा आजार असलेली घरे आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो.

आणि शेवटचे, आणीबाणीचे. परगावी पोहोचल्या दिवशीच रात्री उघडा असणारा मोठा दवाखाना कुठे आहे ते पाहून ठेवा. इंजेक्शन घेतल्याची वेळ आणि मात्रा कागदावर लिहा. चार तासांनंतर काय सांगायचे याचे वाक्य आधीच ठरवा: "अमुक औषध, अमुक मात्रा, इतक्या वाजता घेतलं, अजून उतरलं नाही." स्वतः गाडी चालवू नका. महाराष्ट्रात १०८ वर रुग्णवाहिका मिळते.

या सगळ्यात एक गोष्ट डॉक्टरांच्या वहीत नव्हती, ती माझी आहे. हया हा आपल्या घराचा दागिना आहे. चार लोकांत न बोलणे, मुलांपुढे न बोलणे ही हया. पण ज्या बीवीशी निकाह झाला तिच्यापासून लपवणे आणि दुखत असताना डॉक्टरांपासून लपवणे, याला हया म्हणता येत नाही. त्या रात्री भाईजान दीड तास न्हाणीघरात एकटे बसले होते. दार वाजवणारी भाभी नसती तर? भाभींना त्या इंजेक्शनची माहिती होती म्हणूनच त्यांनी दार वाजवले. सफरीत काय अडते हे मात्र भाईजाननी कधी सांगितले नव्हते. सांगितले असते, तर दोन वर्षे फुकट गेली नसती आणि ती बाटली कदाचित पहिल्याच दिवशी फ्रीजमध्ये गेली असती.

बहिणींनाही एक विनंती. शौहर बाहेर मुक्काम टाळतो, चिडचिड करतो, पाठ फिरवून झोपतो, तर लगेच मन खट्टू करून घेऊ नका. एकदा शांतपणे विचारा. आणि त्याने सांगितले तर हसू नका. मग पुढे कधीच सांगणार नाही.

गेल्या महिन्यात भाईजान आणि भाभी चार दिवस महाबळेश्वरला जाऊन आले. निघताना मी स्टँडवर सोडायला गेलो होतो. भाईजानच्या हातात बॅग होती, भाभींच्या खांद्याला स्टीलचा थर्मास. शेजारच्या बाईने विचारले, "चहा घेतलाय वाटतं?" भाभी हसून म्हणाल्या, "नाही हो, यांचं औषध आहे." आणि गाडीत चढून खिडकीजवळ बसल्या.

अल्लाह सर्वांना सेहत देवो, आणि एकमेकांशी बोलण्याची हिंमतही.