सुट्टी घाऊक, सुट्टी किरकोळ

नोकरी धरताना आपण पगार विचारतो, सुट्ट्या किती तेही विचारतो. त्या सुट्ट्या कशा हप्त्यांनी मिळणार, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. ज्यांना कामात थरारही हवा आणि निवांतपणाही हवा, त्यांनी खरं तर हाच प्रश्न आधी विचारावा.

रत्नागिरीकडे ‘पोरगा बोटीवर आहे’ एवढं म्हटलं की लोकांना सगळं कळतं. माझा मामेभाऊ मर्चंट नेव्हीत इंजिनिअर आहे. पाच-सहा महिने बोटीवर, मग दोन-तीन महिने घरी. आजकालच्या बऱ्याच जहाजांवर रात्री इंजिनरूममध्ये माणूस नसतो. बिघाड झाला की ड्यूटीवरच्या इंजिनिअरच्या केबिनमध्ये अलार्म वाजतो. घरी आल्यावर पहिले काही दिवस इन्व्हर्टर नुसता ‘टुक’ वाजला तरी हा ताडकन उठून बसतो आणि अंधारात बूट शोधू लागतो.

तरी हे काम त्याला मनापासून आवडतं, आणि का आवडतं ते त्याच्या बोलण्यातून कळतं. भर समुद्रात इंजिन बंद पडलं तर मेकॅनिकला फोन करून बोलावता येत नाही. जहाज लाटांवर हेलकावे खात असताना त्या उकाड्यात जो भाग बिघडला तो उघडायचा, दुरुस्त करायचा, पुन्हा बसवायचा. इंजिनाची धडधड परत सुरू झाली की जे समाधान मिळतं, ते जमिनीवरच्या कुठल्याच नोकरीत मिळणार नाही असं तो म्हणतो. मला ते पटतं.

जग बघायला मिळतं, ही समजूत मात्र आता जुनी झाली. कंटेनर जहाज अनेक बंदरांत एक दिवससुद्धा थांबत नाही. सिंगापूरला कितीदा गेलास म्हणून विचारलं तर तो क्रेन आणि धक्क्याबद्दलच बोलतो. विश्रांतीचे नियम आहेत : २००६ च्या सागरी कामगार करारानुसार २४ तासांत किमान १० तास, आठवड्यात किमान ७७ तास. पण ती नुसती झोपेपुरती सवड. खरा निवांतपणा साइन ऑफ झाल्यावर, म्हणजे कंत्राट संपून बोटीवरून उतरल्यावर, घरीच.

आणि तो अगदी भरभरून मिळतो. लेकीला शाळेत सोडणं, आंब्याच्या कलमांना आळी करणं, दुपारी ओसरीवर ताणून देणं. नोकरदार माणसाला निवृत्तीनंतर जे दिवस दिसतात ते याला पस्तिशीत दिसतात. मात्र रजेचा पगार बहुधा दरमहाच्या वेतनातच धरलेला असतो, म्हणून कंत्राटावरच्या माणसाच्या खात्यात या काळात काही जमा होत नाही. शिवाय बदली माणूस वेळेवर आला तरच बोटीवरून उतरता येतं. २०२० मध्ये महासाथीच्या काळात जगभरातले सुमारे ४ लाख दर्यावर्दी कंत्राट संपूनही जहाजांवरच अडकले होते. गणपतीला घरी यायचं तर सगळ्यांनाच असतं. ते जमेलच असं नाही.

या सगळ्यात माझ्या वहिनीचा हिशेब वेगळा आहे, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, छपरातून गळणारं पाणी, मुलीचा ताप, बँकेतल्या खेपा हे सगळं त्या पाच-सहा महिन्यांत तिच्या एकटीच्या अंगावर येतं. नवरा घरी आला की त्याला सुट्टी लागते. तिचं काम मात्र एका माणसाने वाढतं. त्याची घाऊक सुट्टी तिच्या रोजच्या किरकोळ सुट्टीतून कापून घेतलेली आहे. तिची स्वतःची शिकवणी होती, ती दोनदा बंद पडली.

म्हणून बारावीनंतर या वाटेने जाऊ पाहणाऱ्या मुलांना माझं सांगणं असं, की बोटीवरच्या माणसांच्या दोन-तीन घरी जा. तो माणूस घरी नसताना जा. कंत्राट किती महिन्यांचं, ते लांबलं तर काय करता, दुखणंखुपणं कोण बघतं, हे त्याच्या आईला आणि बायकोला विचारा. आणि जिच्याशी पुढे लग्न ठरेल तिलाही हे सगळं होकार घेण्याआधीच सांगा.