शब्दबोध : विरोध आणि विरोधाभास

‘त्यांच्या बोलण्यात आणि वागण्यात विरोधाभास आहे,’ असे वाक्य वारंवार कानी पडते. बोलणाऱ्यास दोष दाखवायचा असतो. निवडलेला शब्द मात्र दोष पुसून टाकणारा असतो. ‘आभास’ म्हणजे केवळ भासणे. वरवर विरोध दिसावा आणि अर्थ उमगताच तो मावळावा, तो विरोधाभास. संस्कृत साहित्यशास्त्राने त्यास अलंकार मानले आहे. उक्ती आणि कृती यांचा मेळ बसत नसेल, तर ती विसंगती होय. विधान स्वतःलाच खोडून काढत असेल, तर तो वदतोव्याघात; ‘मी आजन्म मौनी आहे,’ असे तोंडाने सांगणाऱ्याचे उदाहरण प्रसिद्धच आहे.

मग खरा विरोध कोणता? एकाच वस्तूविषयी, एकाच वेळी, एकाच अपेक्षेने ‘आहे’ आणि ‘नाही’ म्हणणे, हा विरोध. यातील ‘अपेक्षा’ हा शब्द जैन दर्शनाने विशेष जपला आहे. भगवतीसूत्रात कौशांबीची श्राविका जयंती भगवान महावीरांना विचारते, जीवाचे निद्रिस्त असणे चांगले की जागृत असणे? भगवंत दोन्ही चांगले म्हणतात. उत्तर परस्परविरोधी वाटते. पण लगेच उलगडा होतो. अधर्माने जगणारा झोपलेला बरा, कारण तेवढा काळ इतर जीवांना त्याच्यापासून पीडा होत नाही. धर्माने जगणारा जागा बरा, कारण तो स्वतःला व इतरांना धर्माकडे नेतो. सबलता आणि दुर्बलता, उद्यम आणि आळस यांविषयीही जयंतीस असेच उत्तर मिळते.

‘स्यात्’ या पदाचा अर्थ म्हणूनच ‘कदाचित’ असा नव्हे, तर ‘एका अपेक्षेने’ असा आहे. तेथे संशय नाही, मर्यादेसह निश्चय आहे. सकाळी दिलेला शब्द सायंकाळी फिरवून त्यास ‘अनेकान्त’ म्हणणाऱ्याला या पदाचा आधार मिळत नाही. अपेक्षा तीच असताना शब्द बदलला, तर ते असत्यच.

घरात मात्र याच्या उलटही घडते. वडील एका मुलास ‘हात आवर’ म्हणतात आणि दुसऱ्यास ‘थोडा खर्च कर’ म्हणतात. पहिला उधळा असतो, दुसरा कृपण. दोघेही वडिलांवर पक्षपाताचा ठपका ठेवतात. ‘हे कोणत्या अपेक्षेने?’ एवढा प्रश्न आधी विचारला, तर पुष्कळ विरोध हे विरोधाभासच ठरतील. आणि जे उरतील, त्यांना विसंगती म्हणण्याचे धैर्यही येईल.