गळती कोणाची?

नातीने यंदा एम.ए.ला समाजशास्त्र घेतलं आहे. परवा दुपारी तिचं सामाजिक समस्या आणि सामाजिक धोरणावरचं पुस्तक सहज चाळायला घेतलं, आणि झोप राहिलीच. पहिल्याच प्रकरणात 'गळती' हा शब्द भेटला. शाळा अर्ध्यावर सोडणाऱ्या मुलांसाठी हा शब्द आपण किती सहज वापरतो! मीही अहवालात वर्षानुवर्षं लिहिला. छप्पर गळतं तेव्हा आपण छप्पर दुरुस्त करतो, पाण्याला बोल लावत नाही. मुलांच्या बाबतीत मात्र बोल मुलांनाच!

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची शालेय पोषण आहार योजना सुरू झाली आणि पुढे आमच्या शाळेतही तांदूळ आला. तेव्हा अन्न शिजवून मिळत नसे. महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायचा, तोही ८० टक्के हजेरी असेल तर. अट रास्तच वाटली मला. मूल रोज शाळेत यावं, हाच तर हेतू होता.

माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. हुशार, पण आठवड्यातून दोन-तीन दिवस गैरहजर. आई रोजगार हमीच्या कामावर गेली की धाकट्या बहिणीला सांभाळायला तोच. हजेरी काही भरेना. मी पट चोख ठेवणारी बाई. तांदळाच्या यादीत त्याचं नाव घातलं नाही. बाकीची मुलं पिशव्या घेऊन रांगेत उभी होती, तेव्हा तो खिडकीबाहेर बघत बसला होता. मी ते पाहिलं, आणि पुढचं नाव पुकारलं. पुढच्या जूनला तो आलाच नाही. गळतीच्या रकान्यात मी एक आकडा वाढवला.

म्हणजे ज्या घराला तांदळाची गरज सगळ्यांत जास्त, तेच घर अटीबाहेर राहिलं. नियम मोडला कोणीच नाही, हे विशेष!

नातीच्या पुस्तकात सी. राइट मिल्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा उल्लेख आहे. एकाची खासगी अडचण कुठली आणि सगळ्यांचा सार्वजनिक प्रश्न कुठला, हा भेद त्याने १९५९ साली मांडला. मी त्या मुलाला 'अनियमित' म्हणून मोकळी झाले. गावोगावी थोरली भावंडं घरी राहतात, तेव्हा कामावर पाळणाघर का नाही, हे विचारायला हवं होतं. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात पाच किंवा अधिक लहान मुलं कामावर असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमण्याची तरतूद झाली. शाळेचा प्रश्न असा मातीकामावर सुटायचा असतो!

२८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्न देण्याचा आदेश दिला. मग आमच्याकडे खिचडी शिजू लागली. ताटावर बसलेल्या मुलाला मागच्या महिन्याची हजेरी कोणी विचारत नाही. योजना तीच, धान्य तेच. अट तेवढी गेली.

प्रश्न दिसण्यापासून धोरण होईपर्यंत काळ किती जातो पाहा. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे मागणी केली, की निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. मध्ये १२८ वर्षं गेली. तेवढ्यात किती पिढ्या 'गळल्या' असतील!

नातीला मी एवढंच सांगितलं, की बाळा, व्याख्या पाठ कर, परीक्षेला लागतील. पण कुठलीही योजना हातात आली की आधी तिची अट वाच, आणि त्या अटीमुळे दाराबाहेर कोण उभं राहिलं ते शोध. तिथून तुझा अभ्यास सुरू होईल.

तिने विचारलं, "आजी, तुला तेव्हा हे कळलं नव्हतं का?"

दिसलं होतं गं. कळायला निवृत्त व्हावं लागलं.

तुमच्यापैकी कोणी अजून शिकवत असाल, तर उद्या हजेरी घेताना सतत गैरहजर असणाऱ्या एका तरी मुलाच्या घरी जाऊन या.